राजाचं घर

पुण्यात रिक्षात बसून नुसतं ‘केळकर म्युझियम’ म्हटलं तरी पुरतं. बाजीराव रस्त्यावरून रिक्षा शुक्रवार पेठेत नातूबागेकडे वळते आणि राजस्थानी धाटणीच्या नक्षीदार इमारतीसमोर थांबते. नाव खरं तर याहून मोठं आहे, राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाहेरगावाहून आलेली माणसं या नावापाशी थोडी अडखळतात. दिनकर केळकर नावाचे कुणी संस्थानिक होऊन गेले असावेत, त्यांच्या जामदारखान्यातल्या वस्तू इथे मांडल्या असाव्यात, असा त्यांचा समज होतो. इमारतीचा थाटही त्या समजाला दुजोराच देतो.

नाव मराठी रीतीने वाचलं की उलगडा होतो. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसं. राजा हा मुलगा आणि दिनकर हे त्याचे वडील.

राजा लहानपणीच गेला. दिनकर गंगाधर केळकर आणि कमलाबाई यांचा तो एकुलता एक मुलगा. जन्मभर जमवलेल्या संग्रहाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा वडिलांनी त्याचं नाव दिलं. स्वतःचं नाव मराठी शिरस्त्याप्रमाणे मधोमध आपोआप आलं. बापाने मुलाच्या नावामागे उभं राहावं तसं ते तिथे आहे. जगातली पुष्कळ खासगी संग्रहालयं संग्राहकाच्या नावाने ओळखली जातात. इथे ज्याचं नाव दारावर आहे त्याने यातली एकही वस्तू गोळा केलेली नाही, आणि तरी घर त्याचंच आहे. ही गोष्ट मनात ठेवून आत गेलं की दालनं वेगळी दिसू लागतात.

दिनकररावांचा जन्म १८९६ चा. पुण्याने त्यांना ‘काका केळकर’ म्हटलं आणि तेच नाव शेवटपर्यंत टिकलं. घरचा धंदा चष्म्यांचा. पोट त्या दुकानावर आणि जीव कवितेवर, अशी सुरुवात. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतलं पुणं कवितेने भारलेलं होतं. १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झालं, काव्यगायनाच्या बैठकी भरू लागल्या, टोपणनाव घेऊन लिहिणं ही तर रीतच होती. त्या काळातली कित्येक टोपणनावं त्या कवितांबरोबरच विस्मरणात गेली. ‘अज्ञातवासी’ हे नाव मात्र त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याला असं काही लागू पडलं की ते आधीच ठरवून घेतलं होतं की काय असं वाटावं.

पांडवांचा अज्ञातवास आठवून पाहावा. बारा वर्षं वनवास संपवून तेराव्या वर्षी ते विराटाच्या नगरीत शिरले. भीम मुदपाकखान्यात गेला. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करू लागली. अर्जुन राजकन्येला नाच शिकवू लागला, नकुल घोड्यांच्या पागेत आणि सहदेव गाईगुरांत. त्या एका वर्षात धनुष्यबाण शमीच्या झाडावर टांगलेले होते, आणि महाभारतातले वीर पळी, फणी, घुंगरू, लगाम, दावं अशा वस्तूंमध्ये वावरत होते. केळकर संग्रहालयाची दालनं पाहत गेलं की हेच जग समोर येतं. स्वयंपाकघरातली भांडी, शृंगाराच्या पेट्या, फण्या, करंडे, वाद्यं. शस्त्रं आहेत, पण ती मुख्य नाहीत.

१९२० च्या सुमारास काकांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या वेळच्या पुण्यात जुनं शोधत हिंडणारी माणसं नवलाची नव्हती. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगावच्या दप्तरांतून कागद गोळा करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला १८९८ पासूनच सुरुवात केली होती. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल उतरत होते, मोडी वाचली जात होती, एकेका पत्राच्या तारखेवरून कडाक्याचे वाद होत होते. या मंडळींनी महाराष्ट्रावर केलेले उपकार फिटणारे नाहीत. पण त्यांची नजर कागदावर होती. पेटी उघडली की आतलं दप्तर बाहेर काढायचं. रिकामी पेटी, तिचं कुलूप, तिच्या कडांवरची पितळी फुलं, दप्तराजवळच पडलेली दौत आणि कलमदान यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. केळकरांनी ते पाहिलं.

दौतीचंच घ्या. मोडी पत्र वाचणाऱ्याला लढाई कळते, तह कळतो, कर्जाची रक्कम कळते. पण ते पत्र लिहायला कारकून बसला तेव्हा त्याने बोरू कसा छिलला, काजळीच्या शाईत तो कितीदा बुडवला, ओळ पुरी झाल्यावर ओली शाई टिपायला बारीक वाळू कशी भुरभुरली, हे पत्रात नसतं. ते दौतीत असतं, वाळूदाणीच्या झाकणावरच्या भोकांत असतं. त्या लहानशा डब्यांना कुणा कासाराने मोराची मान दिलेली असते. मान दिली म्हणून शाई जास्त काळी होत नव्हती. ज्याच्यासमोर ती दिवसभर राहणार होती त्याला बरं वाटावं, एवढंच त्यामागे असावं.

या संग्रहातला सगळ्यांत बोलका कोपरा अडकित्त्यांचा. एका सुपारीचे तुकडे करायचे, एवढंच या हत्याराचं काम. दोन दांड्या, एक बिजागरी, वर धारदार पोलादी पातं आणि खाली सुपारी धरायला जागा. यंत्र म्हणून गोष्ट इतकीच. पण या दोन दांड्यांचं काय काय झालं आहे! कुठे पोपटांची जोडी एकमेकांकडे चोच करून बसली आहे, कुठे घोडा मान वाकवून उभा आहे, कुठे स्त्री-पुरुष मिठीत आहेत. अडकित्ता मिटला की ती जवळ येतात, उघडला की दूर होतात. कातरणाऱ्या हाताला दर सुपारीमागे ही लहानशी गोष्ट घडताना दिसायची. जेवणं झाली आहेत, तबक मधोमध ठेवलं आहे, पानं पुसली जात आहेत, चुनाळ्यातून बोटाने चुना घेतला जातो आहे, आणि गप्पा मारता मारता कुणीतरी अडकित्ता चालवतं आहे. सासरे चालवत असतील, व्याही चालवत असतील, दुपारी माजघरात बायका चालवत असतील. पानाच्या तबकाभोवती महाराष्ट्रात सोयरिकी जुळल्या, सुपारी फुटून लग्नं ठरली. त्या सुपाऱ्या या जातीच्या पात्यांनी कातरल्या होत्या.

एखाद्या शस्त्रागारात पन्नास तलवारी ओळीने पाहिल्या की पंचविसाव्या तलवारीपाशी पाय जड होतात. अडकित्त्यांचं तसं होत नाही. प्रत्येक घडवणाऱ्याने त्याच बिजागरीशी नव्याने खेळ मांडलेला आहे, आणि आता याने काय केलं असेल म्हणून माणूस पुढच्यापाशी सरकतो. एकाच जातीच्या इतक्या वस्तू जमवण्यात काकांची कविवृत्ती दिसते. ओवीचं माप एकच असतं, तरी जात्यावर बसलेली प्रत्येक बाई त्या मापात आपलं काही घालते. अडकित्त्यांच्या कपाटासमोर तशीच एकामागून एक ओवी ऐकल्यासारखं होतं.

वज्री हा शब्द आज कित्येक मराठी घरांत समजत नाही. अंग चोळताना टाचा घासायची ती वज्री. खालचा भाग खडबडीत, आडव्या-उभ्या रेघांचा, म्हणजे मळ निघावा. वर धरायला मूठ. एवढं केलं असतं तरी काम भागलं असतं. पण घडवणाऱ्याने मुठीच्या जागी हत्ती बसवला, पाखरं बसवली, पोटात खडे किंवा घुंगरू घातले. म्हणजे टाच घासताना ती वाजणार. दिवाळीच्या पहाटे, न्हाणीघरात बंबाचा धूर, तेल-उटण्याचा वास, घंगाळ्यातलं कढत पाणी आणि त्यात वज्रीची छुमछुम. न्हाणीघर ही घरातली सगळ्यांत कमी मानाची जागा. तिथे कुणी पाहुणा येणार नाही, कुणी वाहवा करणार नाही. भेगाळलेल्या टाचेसाठी कुणीतरी नाद घडवला होता, आणि तो जपून ठेवावा असं वाटणारा एक माणूस पुण्यात होता. त्या वज्रीवर कारागिराचं नाव नाही. असल्या वस्तूंवर ते क्वचितच असतं. ‘अज्ञातवासी’ नावाच्या कवीने अज्ञात हातांची कामं अशी जवळ केली.

दिव्यांकडे आलं की आवाज खाली येतो. समया, निरांजनं, पंचारत्या, साखळीने टांगलेले दिवे, लग्नात वधू-वरांच्या आया हातात धरतात ते लामणदिवे. विजेपूर्वीच्या घरात उजेड आयता मिळत नसे, तो रोज हाताने करावा लागे. वात वळायची, तेल घालायचं, काजळी झाडायची, दिवा कुठल्या खोलीतून कुठे न्यायचा ते ठरवायचं. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की मुलांनी हात जोडून बसायचं. या घरातून ते मूल लवकर उठून गेलं. काकांनी दिवे जमवले ते त्यासाठीच, असं म्हणणं आगाऊपणाचं होईल. ते तर सगळंच जमवत होते. तरी दिव्यांच्या दालनात पाटीवरचं पहिलं नाव आठवतंच.

आणि इथेच कमलाबाईंचं नाव काढायला हवं. पाटीवर मुलगा आहे, बाप आहे. मराठी नावाच्या जुन्या रचनेत आईला जागा नव्हती. पण संग्रहात ती जागोजाग आहे. काकांच्या या वेडात कमलाबाई सोबत होत्या, त्यांच्या मदतीने हा संग्रह वाढला, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. या सोबतीचा अर्थ समजायला जुन्या घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. अनोळखी पुरुष गावातल्या घरी गेला तर तो ओसरीवर बसणार. फार तर सोप्यापर्यंत जाणार. त्याच्यासमोर ढाल-तलवार येईल, पगडी येईल, देवघरातली मूर्ती येईल. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या उंबऱ्याशी त्याची वाट संपते. खोवणी कुठे टांगली आहे, शेवयांचा साचा कुठल्या फडताळात आहे, कुंकवाचा करंडा कोणाचा, आजेसासूबाईंची फणीपेटी अजून कोणी वापरतं का, हे घरातल्या बाईला दुसरी बाईच विचारू शकते. या संग्रहालयात स्वयंपाकघर आणि शृंगार यांना जो मान मिळाला आहे तो पाहिला की वाटतं, दोन माणसांच्या दोन नजरा असल्याशिवाय हे झालं नसतं.

संसार म्हणूनही याचा विचार करावा. छंद एकट्याचा असला तरी त्याला लागणारी जागा घरातली असते. टपाल तिकिटं जमवणाऱ्याचा संग्रह एका वहीत मावतो. इथे दारं येत होती, चौकटी येत होत्या, हंडे आणि घंगाळी येत होती, वाद्यं आणि बाहुल्या येत होत्या. संग्रह हजारांच्या घरात गेला तेव्हा तो राहत्या जागेतच वाढत होता. पैसा दुकानातला, म्हणजे घरखर्चातला. ज्या बाईने आपलं मूल गमावलं आहे तिने हे सगळं आपल्या घरात येऊ दिलं, आपलं म्हटलं, पुसून-घासून ठेवलं. पितळ घासणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळतं. चिंच किंवा आमसूल, राख, नारळाची शेंडी, आणि मग बोटांना दिवसभर राहणारा तो वास.

काकांची घाई समजायची तर त्या काळात घराघरांत काय चाललं होतं तेही पाहावं लागतं. वस्तू घरातून बाहेर पडायची कारणं एकामागून एक येत गेली. वीज आली आणि समई देवघरापुरती उरली. फाउंटनपेन आलं, दौत अडगळीत गेली. १९४८ च्या सुरुवातीला, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातले किती वाडे आतल्या सामानासकट राख झाले. संस्थानं विलीन झाली, कुळकायदा आला, मोठी घरं सांभाळणं कठीण झालं आणि माळ्यावरचं सामान खाली उतरू लागलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली जुनी घरं पाण्याने ओढून नेली. मग स्टील आलं. त्याला कल्हई नको, चिंच नको, ते जड नाही, काळं पडत नाही. बायकांच्या हातांना सुख झालं आणि त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण त्या सुखाची किंमत म्हणून पिढ्यानपिढ्यांचं तांबं-पितळ मोडीत निघालं.

मोडीत वस्तू वजनावर जाते. तराजूच्या पारड्यात पोपटाची चोच आणि सपाट पत्रा यांना एकच भाव. अडकित्ता म्हणजे इतकं पितळ, वज्री म्हणजे तितकं. पारड्यातून ती थेट मुशीत जाते आणि तिचं पुन्हा काहीही होऊ शकतं, नळाची तोटी किंवा कडी-कोयंडा. ज्या काळात हे रोज, गावोगाव, कुणालाही वाईट न वाटता घडत होतं त्या काळात एक चष्मेवाला आडवा उभा राहून म्हणत होता की याचं वजन करू नका. जुन्या बाजारातला व्यापारी, वाडा उतरवणारा सुतार, भंगारवाला, खेड्यातली म्हातारी, या सगळ्यांशी संबंध जोडल्याशिवाय आणि टिकवल्याशिवाय असा संग्रह उभा राहत नाही. एकदा येऊन भाव पाडणाऱ्याला माळ्यावरच्या वस्तूचा पत्ता कुणी सांगत नाही. तो सांगितला जातो ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाला. ‘काका’ हे नाव असंच मिळतं.

ते फक्त महाराष्ट्रापुरतेही थांबले नाहीत. गुजरातचं लाकडी कोरीवकाम, राजस्थानच्या वस्तू, दक्षिणेतले दिवे आणि मूर्ती, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या, पैठणच्या धाटणीची चित्रं असं देशभरातलं सामान या एका घरात आलं. पिंगुळीच्या किंवा पैठणच्या चित्रकथ्याने पोथीतलं एकेक पान समोर धरून रामायण-महाभारत गावं, समोरच्या लोकांनी रात्र जागवावी, असं ते जग होतं. त्या पानांवरचे टपोऱ्या डोळ्यांचे वीर इथे काचेमागे आहेत. त्यांची गाणारी माणसं नाहीत. वाद्यांच्या दालनातही हेच जाणवतं. ताऊसाचा मोर पिसारा मिटून उभा आहे, सारिंद्याचं पोट रिकामं आहे. काही जपलं तरी त्याचा नाद आपोआप जपला जात नाही, ही संग्रहालयाची मर्यादा तिथे उभं राहून मान्य करावी लागते.

एका वस्तूपाशी मात्र काकांची हौस अगदी धाडसाला पोचली, कारण ती वस्तू म्हणजे एक महाल होता. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. त्या काळी कोथरूड पुण्याबाहेरचं गाव. पेशव्यांच्या घराने मस्तानीला आपलं म्हटलं नाही ही हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारले, त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. कोथरूडचा महाल मोडकळीला आला. केळकरांनी त्याचे उरलेले भाग आणले आणि आपल्या संग्रहालयात महाल पुन्हा उभा केला. खांब, कमानी, छत, झुंबरं. बाजीराव रस्त्यालगतच्या गल्लीत मस्तानीला शेवटी जागा मिळाली ती एका चष्मेवाल्याच्या घरी. तिथे उभं राहिलं की काकांच्या स्वभावाबद्दल काही कळतं. नाकारलेलं, टाकलेलं, अर्धं मोडलेलं जे काही असेल ते घरात आणायचं आणि त्याला त्याची जागा द्यायची.

१९६२ मध्ये संग्रहालय रीतसर सुरू झालं. काका तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. त्यानंतरचा निर्णय याहून मोठा. १९७५ मध्ये त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. पंचावन्न वर्षं एकेक करून आणलेलं एका सहीने दिलं. संग्राहक हा जातीचा चिवट प्राणी. हातातली वस्तू त्याच्याकडून सुटत नाही, म्हणून तर तो संग्राहक. बाजारात या वस्तूंना किंमत येऊ लागली होती, परदेशी लोक भारतीय जुन्या वस्तूंमागे लागले होते, आणि तशा काळात हे दान झालं. कुठल्याही आईबापांना मुलाच्या नावे काही ठेवून जावंसं वाटतं. इथे मुलगा नव्हता, त्याचं नाव होतं. त्या नावाने सगळ्या महाराष्ट्राला वारस केलं गेलं.

सन्मान आले. पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी काका गेले. टिळकांच्या पुण्यात वाढलेला हा माणूस घरोघरी रंगीत टीव्ही आलेलं पुणं पाहून गेला. त्या दोन टोकांच्या मध्ये मराठी घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बदलली, आणि जी बदलली तिची जुनी जोड त्यांच्याकडे होती.

आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. म्हणजे पाहणाऱ्याला आठातली एक दिसते, बाकीच्या सात आत, पेट्यांत आणि कपाटांत. कुठल्याही मराठी घराची रीत हीच आहे. दिवाणखान्यात थोडं, माळ्यावर पुष्कळ. तरी त्या सात जणींचा विचार मनातून जात नाही. त्यातल्या एखाद्या पेटीत असा अडकित्ता असेल, ज्याच्यावरची पाखरं गेल्या कित्येक वर्षांत कुणी मिटलेली-उघडलेली पाहिली नाहीत.

संग्रहालयात कुठल्याही रविवारी थोडा वेळ एका जागी उभं राहावं. शाळेच्या सहलीतली मुलं भराभर पुढे जातात. मस्तानी महाल आणि शस्त्रं त्यांना बोलावत असतात. परदेशी पाहुणे वहीत काही टिपतात. रेंगाळतात त्या सत्तरीच्या पुढच्या बायका. स्वयंपाकघराच्या दालनात त्यांची चाल मंदावते. ‘अगं, हे आमच्या आईकडे होतं,’ असं त्या बरोबरच्या सुनेला किंवा बहिणीला म्हणतात. राजदरबारातल्या वस्तूसमोर हे वाक्य कुणाच्या तोंडून येत नाही.

मग बरोबरचा नातू विचारतो, ‘आजी, याचं काय करायचं?’ आजी सांगायला जाते आणि शब्द सापडत नाहीत, कारण ही गोष्ट तिने कधी शब्दांत शिकलेलीच नसते. ती पिशवी सुनेकडे देते. डाव्या हाताच्या चिमटीत नसलेली सुपारी धरते, उजव्या हाताची बोटं नसलेल्या दांड्यांभोवती आवळते, आणि काचेजवळ हात नेऊन दोनदा-तीनदा मिटते, उघडते. नातू काचेतल्या पोपटांकडे बघतो, मग आजीच्या मुठीकडे, आणि आपलीही मूठ तशीच करून पाहतो.